दोन पांढरे

पहिल्यांदा तिला वाटलं, यंत्राचंच डोकं फिरलं. एक्केचाळिसाव्या मापाला पडद्यावर कॅल्शियमच्या शिखराशेजारी, जिथे काही असण्याचं कारण नव्हतं तिथे, आणखी एक टोक वर आलं, आणि आलं ते चांगलं ऐटीत आलं. टायटॅनियम. तिने तिवईचा स्क्रू फिरवून यंत्राचं नाक जरासं उजवीकडे सरकवलं, श्वास रोखून साठ सेकंद मोजले. काही नाही, नुसतं शिसं. आणखी जरा उजवीकडे. पुन्हा टायटॅनियम. आहे, नाही, आहे. भिंतीवर चितारलेला अख्खा हात जेमतेम वीतभर, आणि त्यावरची तीन मापं आपसात जुळवून घ्यायला तयार नव्हती. तिला जे वाटलं ती भीती नव्हती. निदान त्या क्षणी तरी नव्हती. लहानपणी बंद कपाटाच्या फटीला डोळा लावताना जे व्हायचं, ते होतं.

यंत्र दिसायला केस वाळवायच्या मशीनसारखं, फक्त हवेऐवजी क्ष-किरण सोडणारं. भिंतीला स्पर्श न करता, एक कण न खरवडता ते सांगतं की या लालमध्ये पारा आहे, त्या हिरव्यात तांबं आहे, इथे खाली गिलाव्यात क्षार साचलेत आणि दोन-तीन वर्षांत हा रंग फुगून सुटणार आहे. भिंतीची तब्येत बघायची, जडलेली दुखणी लिहायची आणि अहवाल द्यायचा, एवढंच तिचं काम. दर वीस मापांनंतर ओळखीच्या धातूच्या चकतीवर एक माप घ्यायचं, म्हणजे यंत्र शुद्धीवर आहे की नाही ते कळतं. चकतीची पाळी यायला अजून बराच वेळ होता, तरी तिने ती खिशातून काढून यंत्रापुढे धरली. यंत्र ठणठणीत होतं. म्हणजे आता खुलासा भिंतीनेच करायचा होता.

अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली तिने हात सकाळीच बघितला होता. तिथे दिसलं ते फक्त वरून कधीतरी फासलेल्या राळेचं हिरवट धुकं. त्याच्या आत काय आहे, ते त्या दिव्याच्या आवाक्याबाहेर होतं. डोळ्यांना तर काहीच दिसत नव्हतं. हात होता तसाच होता, सुंदर. चारशे वर्षांपूर्वी हे दालन दवाखाना होतं, आता इथे जुनी कागदपत्रं ठेवतात. पण भिंतीवर अजून रुग्णांची रांग आहे, टोकाला वैद्य बसलेला आहे, आणि रांगेतल्या पहिल्या बाईने नाडी दाखवायला हात पुढे केलेला आहे, वैद्याचा अंगठा तिच्या मनगटावर टेकलेला. बाईचा चेहरा केव्हाच पुसट झाला. हात मात्र शाबूत. तळवा किंचित वर, बोटं सैल सोडलेली, जणू ती म्हणतेय, बघा बुवा काय ते, मी काही लपवत नाही. हा हात कार्यालयाच्या पाकिटांवर छापलेला आहे, शाळेतल्या आरोग्याच्या पुस्तकावर आहे, आणि कुठल्याशा मलमाच्या डबीवरही आहे. लोक दालनात शिरतात ते भिंत बघायला नाही, हात बघायला.

"काय म्हणतोय आमचा हात?" दोरीपलीकडून अधीक्षकांनी विचारलं. क्ष-किरणांमुळे तिने दोरी बांधून जागा अडवली होती आणि अधीक्षक दोरीला पोट टेकवून उभे होते, चहाचा कप सांभाळत.

"बघतेय अजून," ती म्हणाली.

"तुमच्या वडिलांनी काय जपलाय हो. मी सगळ्यांना सांगतो, छत्तीस वर्षांपूर्वी डागडुजी झाली, पण हाताला रंगाचा थेंब लागला नाही. फायलीत आहे तसं."

फायलीत होतं तसं. तिला ते वाक्य पाठ होतं, कारण शिकत असताना तिने ते वर्गात वाचून दाखवलं होतं: 'हातास केवळ साफसफाई. नवीन रंग नाही.' खाली बाबांची सही, लांब शेपटीची. दाराशी पितळी पाटीवर त्यांचं नाव आहे, आणि आत येताना ती दर वेळी त्या पाटीकडे बघायचं टाळते, कारण बघितलं की छाती फुगते आणि आपण सत्तेचाळीस वर्षांच्या आहोत हे विसरायला होतं. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात येऊन शंभरेक वर्षं झाली; त्याआधीचा पांढरा शिशाचा असायचा. मातीच्या रंगांमध्ये टायटॅनियम थोडंफार असतंच, हे तिने स्वतःला समजावून बघितलं. पण थोडंफार वेगळं आणि हे वेगळं. हे ट्यूबमधून पिळलेलं होतं. आणि त्या भिंतीला त्यानंतर दुसऱ्या कोणी हात लावलेला नव्हता.

पुढचं सगळं तिला एका दमात दिसलं, कारण नियम तिनेच लिहिलेला होता. भित्तिचित्रांच्या जतन समितीवर पहिल्यांदा गेली तेव्हा, अंगात नवा जोम असताना. नोंद न करता नवीन रंग चढवलेला सापडला तर तो बनाव समजावा, उतरवून टाकावा, आणि ज्याने चढवला त्याच्या बाकीच्या कामांची चौकशी करावी. डागडुजी ओळखता येण्यासारखी असेल तर मात्र राहू द्यावी. बाबांची बाकीची कामं म्हणजे अकरा भिंती. हात उतरवला तर खाली कोरा गिलावा निघणार, आणि बाईच्या मनगटापुढे नुसतं भोक. अहवाल परवा द्यायचा होता. तिने एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस असे तीन आकडे वहीत लिहिले आणि त्यांच्यापुढे काहीच लिहिलं नाही.

खरं सांगायचं तर तिला राग यायला हवा होता, आणि तो येत नव्हता. येत होतं ते कुतूहल, आणि त्याची तिला थोडी लाज वाटत होती. स्वतःचा बाप खोटा पडतोय आणि हिच्या डोक्यात किडा वळवळतोय तो मधल्या मापाचा. बेचाळीसमध्ये टायटॅनियम का नाही? नवा रंग चढवायचा तर माणूस अख्खा चढवेल. मध्येच एवढीशी जागा सोडून पुन्हा का सुरू करेल? बसने घरी येताना खिडकीच्या काचेवर तिने बोटाने तीन ठिपके काढले, मधला पुसला, पुन्हा काढला. शेजारच्या बाईंनी पर्स जरा जवळ ओढून घेतली.

बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. हे काम ते हल्ली हट्टाने मागून घेतात. त्यांच्या नजरेतलं मधलं सगळं गेलंय. कडेचं तेवढं दिसतं, त्यामुळे समोरच्याशी बोलताना ते तोंड दुसरीकडे वळवतात आणि नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा शिष्ट आहे. पण त्यांची बोटं अजून सगळं बघतात. शेंग उघडायची, अंगठा फिरवायचा, दाणे भांड्यात. किडका दाणा त्यांच्या अंगठ्याला कळतो.

"बाबा, त्या हाताला काय केलं होतं तुम्ही?"

अंगठा थांबला नाही. "कुठल्या?"

"कुठल्या काय विचारता? नाडी दाखवणाऱ्या."

"फायलीत लिहिलंय की. साफसफाई."

"टायटॅनियम लागलं मला."

आता थांबला. बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं, म्हणजे ते तिच्याकडे बघत होते.

"किती ठिकाणी यंत्र लावलंस?"

"तीन."

"तिन्हीकडे लागलं?"

"दोन ठिकाणी आहे. एका ठिकाणी नाही."

"आणि तेवढ्यावर निघालीस फासावर द्यायला."

"मी कोणाला फासावर देत नाहीये. मी विचारतेय तुम्हाला."

"मला कशाला विचारतेस? भिंतीला विचार ना." त्यांनी पुढची शेंग उचलली. "सुटं सुटं टोचून काय कळतं? आडवी जा. मनगटापासून बोटांपर्यंत, सरळ रेषेत, न सोडता."

"का? काय मिळेल?"

"मला काय माहीत? यंत्र तुझं."

एवढं बोलून त्यांनी तोंडाला कुलूप घातलं, आणि ते कुलूप काय चीज आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. आई असती तर तिने भांडं आपटलं असतं. हिने मटार फोडणीला टाकले आणि ते जरा लागलेच. आत्ता मात्र तिला राग आला, चांगला आला. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. हे काय उंटावरून शेळ्या हाकणं? ज्या माणसाने आपल्याला खरेपणा शिकवला तो असा आडून बोलतो? शिकवला होता तो याच टेबलावर. ती दहा वर्षांची असताना तिच्याकडून आईची चिनी मातीची थाळी फुटली, काठावरच्या फुलाचा एक तुकडा हरवला. बाबांनी थाळी जोडली, रिकाम्या जागी पांढरं भरलं आणि तिच्या हातात सगळ्यात बारीक कुंचला दिला. फूल काढायचं नाही, म्हणाले, नुसत्या उभ्या रेघा ओढ, फुलाच्या रंगाच्या, शेजारी शेजारी, मध्ये फट ठेवून. दोन तास लागले, मान मोडली. मग त्यांनी थाळी कपाटावर ठेवली आणि तिला दारापर्यंत मागे नेलं, तर तिथून फूल अख्खं दिसत होतं. जवळ आली, तर रेघा. "आपण भरलेलं लांबून खटकू नये," बाबा म्हणाले होते, "पण जवळ येणाऱ्याला फसवायचं नाही." तिचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा होता. त्या हातावर तिने भिंग लावून बघितलं होतं, एकदा नाही, दहादा. एकही रेघ नव्हती.

भांडी विसळताना नळाचं पाणी मनगटावर घेत ती नुसती उभी राहिली, आणि तेव्हा तिला ट्यूब आठवली. का आठवली, कोण जाणे. बाबा तेव्हा तिच्या आजच्या वयाचे होते. त्या आठवड्यात ते घरी यायचे ते कानापर्यंत चुन्याने माखून, आणि मोरीत जाऊन हात धूत बसायचे, इतका वेळ की आई बाहेरून दार वाजवायची. जेवताना बोलायचे नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी पांढऱ्या रंगाच्या दोन ट्यूब ठेवल्या होत्या, एकीच्या गळ्याला लाल दोरा बांधलेला. दोन कशाला, तिने विचारलं होतं, पांढरा तो पांढराच. तर म्हणाले, एक पूर्वीचा, तो दोऱ्याचा, आणि एक आजचा. तिने दुपारी दोऱ्याची ट्यूब उघडून पुठ्ठ्याच्या बाहुलीघराला रंग दिला, छान जाड, भिंतींना आणि छपराला. संध्याकाळी बाबांनी ते बघितलं आणि तिच्या गालात वाजवली. आयुष्यात एकदाच. मग स्वतःच जमिनीवर बसले, चाकूने पुठ्ठ्यावरचा रंग खरवडून एका वाटीत गोळा करू लागले. छत्तीस वर्षं ती समजत होती की ती थप्पड रंग वाया घालवल्याची होती. पाणी अजून वाहत होतं. ज्याला नुसता पांढरा रंग हवा असतो तो दुसरी ट्यूब उघडतो. ज्याला तोच पांढरा हवा असतो, तो बाहुलीघर खरवडतो.

सकाळी दालन उघडायच्या आत ती दाराशी हजर होती. यंत्राला तिने सगळ्यात लहान तोंड लावलं, तीन मिलिमीटरचं, तिवईला पट्टी बांधली आणि मधल्या बोटाच्या टोकापासून सुरुवात केली. दोन मिलिमीटर सरकायचं, साठ सेकंद थांबायचं. आकडा लिहायचा. पुन्हा सरकायचं. चहाच्या सुट्टीत अधीक्षक दोरीशी येऊन गेले, तिची पाठ बघून न बोलताच परतले. तिने सोबत आलेखाचा कागद आणला होता. संगणकावर चित्र निघतं, पण तिला हाताने ठिपके मांडायचे होते, एकेक. पहिले दोन वर. पुढचे दोन खाली, टायटॅनियम शून्याच्या आसपास, शिसं चढलेलं. पुढचे दोन वर. त्यानंतरचे खाली. बाराव्या ठिपक्याला तिच्या मानेवर काटा आला. तिसाव्याला तिने पेन्सिल खाली ठेवली, दोरी ओलांडून दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली, कारण एका जागी उभं राहवत नव्हतं. मग खात्रीसाठी यंत्र आणखी दोन उंचींवर लावून तीच वाट पुन्हा चालली. ठिपके त्याच जागी वर गेले, त्याच जागी खाली आले. तर मग हे असं होतं. पट्टे. उभे, चार-चार मिलिमीटर रुंदीचे, एक टायटॅनियमचा आणि एक शिशाचा, एक आजचा आणि एक पूर्वीचा, बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत. वरून दोन्ही पांढऱ्यांना एकाच रंगाची छटा दिलेली, इतकी तंतोतंत की चारशे वर्षांच्या भिंतीत डोळा कुठे अडखळत नाही. आणि आत थाळीतल्या फुलासारख्या रेघा. त्या काळी असं हातात धरायचं यंत्र नव्हतंच. बाबांनी त्या कोणासाठी ओढल्या होत्या?

ती स्टुलावर बसली आणि रडली. फार नाही, पण रडली. मग नाक पुसून हाताकडे बघत राहिली, आणि गंमत म्हणजे तो तिला कालच्यापेक्षा जास्त आवडला.

"काही गंभीर?" अधीक्षकांनी विचारलं.

"हात जुना नाही साहेब. छत्तीस वर्षांचा आहे."

कप बशीत जरा जोरातच टेकला. "म्हणजे खोटा?"

"खोटा नाही. बाबांनी काढलेला आहे, आणि काढलाय हे सांगणाऱ्या खुणा आत सोडल्यात."

"पण फायलीत तर..."

"फायलीतलं खोटं आहे," ती म्हणाली, आणि हे म्हणताना आवाज आपलाच आहे ना, असं तिला वाटलं.

दुपारी तिने अहवालाचा मसुदा हाताने लिहिला, कारण अशा गोष्टी तिला टाइप करायला सुचत नाहीत. खालच्या गिलाव्यातले क्षार, डावीकडच्या कोपऱ्यातली ओल, आणि मग हात. आलेख सोबत जोडला. टायटॅनियमच्या रेघा: एकोणीस. डागडुजी ओळखता येण्यासारखी असल्यामुळे ती ठेवावी, अशी शिफारस. मूळ नोंद दिशाभूल करणारी आहे, हेही. या वाक्याला तिला अर्धा तास लागला. तिथे कर्त्याचं नाव यायला हवं होतं, आणि ते तिचंही आडनाव होतं.

घरी आली तेव्हा बाबा टेबलाशीच होते, पुढ्यात काही नव्हतं. तिने बूटही काढले नाहीत.

"रेघा आहेत," ती म्हणाली.

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. बराच वेळ त्यांनी टेबलावरून हात फिरवला, नसलेली सालं गोळा करत.

"पडला गं तो," ते म्हणाले. "माझ्याच हातून पडला. गिलावा पोकळ झाला होता मागून, मी सुईने चुन्याचं पाणी भरत होतो. भिंत घेत होती, छान घेत होती. मला वाटलं, आणखी एक पिचकारी घेईल. तिथेच थांबायला हवं होतं. फुगला, आणि घसरला खाली. मी धरायला गेलो तर ओंजळीत चुरा." त्यांनी ओंजळ करून दाखवली आणि ती तशीच राहिली. "आठ दिवसांवर उद्घाटन. तेव्हाचा अधीक्षक म्हणाला, रेघाबिघा चालणार नाहीत, लोक ओरडतील. होता तसा करा आणि गप्प बसा. मी गप्प बसलो. घाबरलो होतो. तुझी शाळा, तुझी आई, सगळं त्या कामावर होतं. पण होता तसा करायला घेतला, आणि हात चालेना. तुला ती थाळी शिकवून वर्ष झालं नव्हतं."

"मला सांगायचं तरी. इतक्या वर्षांत."

"तू ते वाक्य वर्गात वाचून आलीस, केवढी खूश होतीस. त्यानंतर कसं सांगू?"

ती समोर बसली, त्यांची ओंजळ मोडून हात टेबलावर ठेवले. ते गार होते.

"नोंद खोटी आहे, ते मला लिहावं लागलंय, बाबा. तुमच्या नावासकट."

"लिहायलाच हवं."

"पाटी काढतील कदाचित. बाकीच्या भिंतीही तपासतील."

"तपासू देत. त्यांच्यात काही नाही सापडायचं." हे त्यांनी जरा ताठ होऊन म्हटलं. मग हळूच, "हात राहील?"

"रेघा आहेत म्हणून ठेवा, असं लिहिलंय मी. पुढे समितीच्या हातात."

बाबांनी मान हलवली. चेहऱ्यावर कुठेतरी जुनी ऐट आली. "दोन पांढरे जुळवताना नाकी नऊ आले होते. एक निळसर मारतो, दुसरा पिवळा पडतो. किती मोजल्यास?"

"एकोणीस."

"वीस."

"एकोणीस, बाबा. तीन उंचींवर मोजल्या. मनगटावर वैद्याचा अंगठा टेकतो ना, तिथे जुनं काम सुरू होतं. तिथे थांबले मी."

"अंगठ्याचं नखही पडलं होतं," बाबा म्हणाले.

तिच्या डोळ्यांपुढे वैद्याचं ते नख आलं. जरासं वाढलेलं, कडेला उजेडाची एक बारीक कोर. व्याख्यानांमध्ये ती ते नख पडद्यावर मोठं करून दाखवायची आणि सांगायची, बघा, जुन्या माणसाची नजर. तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. हसत हसतच तिने पिशवीतून मसुदा काढला, पेन उघडलं, एकोणीसवर काट मारायला टोक टेकवलं. कागद वाजला तसा बाबांचा कान तिकडे वळला.

"काय करतेस?"

"वीस करते."

"माझ्या शब्दावर करू नकोस," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी लवकर जा. बघ, आणि मग लिही."

तिने पेनाला टोपण लावलं.